टोप्यांच्या दुकानातला जिना

"मान वर कर."

ताई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कोलोनच्या खरेदीच्या मोठ्या रस्त्यावर, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, मी एका मोबाइलच्या दुकानाच्या काचेत बघत उभी होते. मागून एक बाई आली, माझ्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि फोटो स्टुडिओतला माणूस करतो तसा माझा चेहरा वर केला.

दुकानाच्या झगमगत्या पाटीच्या वर एक दगडी बाई होती. नुसतं डोकं आणि खांदे. नाक फुटलेलं, ओठ किंचित उघडे, तोंडावर कबुतरं बसू नयेत म्हणून लावलेली जाळी. त्या रस्त्यानं मी आधी कितीदा तरी गेले होते. ती मला कधी दिसली नव्हती.

"ती मात्र सगळ्यांना बघत असते," ताई म्हणाल्या. "चल आता, ट्राम चुकेल."

तुम्ही कधी इकडच्या एखाद्या जुन्या बाजाराच्या रस्त्यावर उभे राहिलात तर हे करून बघा. खाली काच, स्टील, दिवे, सेलच्या लाल पाट्या. आणि त्याच्या वर, कुणी लक्ष देत नाही तिथे, जुनं घर तसंच्या तसं उभं असतं. दगडी वेली, कोरलेले चेहरे, उंच खिडक्या. त्या खिडक्यांमागे आता फारसं कुणी राहत नाही. रिकामे खोके ठेवलेले असतात. तरी नीट बघत राहिलं, की एखाद्या खिडकीत कुणीतरी नुकतंच मागे सरकलं असावं असं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. ताई म्हणायच्या, "वाटू दे. त्यानं काही बिघडत नाही."

ताई मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी डार्मश्टाटला डॉक्टरेट करायला आल्या, जुन्या बाजारपेठांतल्या दुकानांच्या इमारतींवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि मग इकडेच राहिल्या. यजमान लवकर गेले. एक मुलगी, मित्रा, फ्रँकफर्टला बँकेत. मी पुण्याहून आलेली, त्यांच्यापेक्षा खूप लहान, त्यामुळे मी त्यांना पहिल्या आठवड्यातच ताई म्हणायला लागले. आमचं ऑफिस छोटं. जुन्या इमारतींत दुरुस्ती किंवा फेरफार करायचे असले, की आधी आम्ही जाऊन सगळं मोजायचं, नकाशे काढायचे आणि ते जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याला, म्हणजे डेंकमालाम्टला द्यायचे. आम्ही तरुण मंडळी लेझर स्कॅनर घेऊन जायचो. ताई स्टीलची टेप, पेन्सिल आणि चिवड्याचा डबा घेऊन यायच्या.

त्या रस्त्यात मान वर करून इतका वेळ उभ्या राहायच्या, की येणारे-जाणारेही थांबायचे. एकदा तर अशी गर्दी झाली की कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस धावत आला, त्यानंही मान वर केली आणि विचारलं, "कुठे आहे?"

"कोण?" ताई म्हणाल्या.

"उडी मारणारा."

"माणूस नाहीये हो. पण तो कोपऱ्यातला दगड एक दिवस नक्की उडी मारेल. त्याचं काहीतरी बघा."

पोलिसानं खरोखर बघितलं. पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्याला पट्ट्या लावलेल्या होत्या.

बाहेर अशा बडबड्या असलेल्या ताई रिकाम्या दुकानात शिरल्या की वेगळ्याच व्हायच्या. मी काही बोलायला गेले की हात वर करायच्या. "थांब जरा. घराला आपली सवय होऊ दे." मग आम्ही दोघी त्या धुळीत गप्प उभ्या. कुठेतरी पाइप टकटक करायचा. वरच्या मजल्यावर लाकूड करकरायचं. बाहेर रस्त्यावर माणसांचा लोंढा चाललेला असायचा आणि आत, मोठ्या काचेला कागद लावलेला, सगळा उजेड पिवळा आणि जुना. मला सुरुवातीला फार अस्वस्थ व्हायचं. ताई मात्र पाहुण्यांच्या घरी बसावं तशा निवांत.

ते टोप्यांचं दुकान आम्हाला नोव्हेंबरमध्ये मिळालं.

मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत ते अरुंद घर होतं. खाली दुकान, त्याला दोन मोठ्या काचा, दोन्हींच्या मध्ये मनगटाएवढ्या जाडीचा लोखंडी खांब. दाराजवळ काच आत वळलेली, म्हणजे गिऱ्हाईक पावसात न भिजता माल बघत बघत आपोआप दारापर्यंत येईल. पायाखाली बारीक रंगीत फरशांत जुन्या मालकाचं नाव, घासून घासून अर्धं गेलेलं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या उंच आणि रुंद. ताईंनी सांगितलं, टोप्या शिवायला उजेड लागतो, म्हणून कारखाना वर आणि विक्री खाली. त्याच्या वरचा मजला मात्र साधा, बुटक्या खिडक्यांचा, जणू दुसऱ्याच घराचा आणून ठेवलेला. दोन्हींच्या मधून भिंतीत एक वाकडीतिकडी रेघ गेली होती.

"इथवर जळालं होतं," ताईंनी हवेत बोटानं ती रेघ ओढली. "वरचं सगळं युद्धानंतरचं."

टोप्यांचं दुकान युद्धात संपलं. नंतर तिथे बरीच वर्षं पडद्यांचं दुकान होतं, तेही बंद पडलं होतं. नव्या मालकाला चष्म्यांचं दुकान काढायचं होतं. त्या दिवशी मी गल्लीत तिवई लावून बाहेरची बाजू मोजत होते आणि ताई एकट्याच आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. केसांवर धूळ, गाल लाल, चेहऱ्यावर लग्नघरातून आल्यासारखा आनंद.

"जिना काय सुंदर आहे गं! तू बघ नंतर."

हातातल्या कागदावर त्यांनी तो काढलाही होता. उजव्या भिंतीला लागून वर जाणारा लाकडी जिना, अरुंद, वर पोचता पोचता एका चिमणीला, म्हणजे भिंतीतल्या धुराड्याला, वळसा घालून डावीकडे वळलेला, आणि मग एक दार. कठड्याचे दांडे सुद्धा काढले होते, खाली जाड, वर निमुळते. थंडी फार होती, अंधारून आलं होतं. मी सामान आवरलं आणि आम्ही निघालो.

ऑफिसात मी ते नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायला बसले तर काही जुळेना. ऑफिसातल्या एकानं आधीच करून ठेवलेल्या आतल्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूला नुसती सरळ भिंत होती. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. आमचे साहेब, येन्स, यांना घेऊन मी पुन्हा तिथे गेले.

जिना नव्हता.

उजवी भिंत खालपासून वरपर्यंत तपकिरी लाकडी फळ्यांनी मढवलेली होती. त्यावर पडद्यांचे तागे ठेवायच्या मांडण्या. वर छत सलग, कुठे छेद नाही. पहिल्या मजल्यावर जायचा जिना मागच्या अंगणात होता, सिमेंटचा, युद्धानंतर बांधलेला. त्याचं दार कुलूपबंद होतं आणि किल्ली माझ्याकडे होती. त्या दिवशीही माझ्याकडेच होती.

येन्सनी फळ्यांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "तिची तब्येत ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ताईंना ऑफिसखालच्या बेकरीत घेऊन गेले. कॉफी आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, त्या टोप्यांच्या दुकानात तुम्ही वर कशा गेलात?"

"पायांनी."

"नाही, म्हणजे कुठून?"

"जिन्यानं, बापा! अजून कुठून जातात?" त्या हसल्या. मग कॉफी ढवळता ढवळता म्हणाल्या, "वर ती बाई होती ना. खिडकीजवळ बसून टोपीला रिबीन लावत होती. माझ्याकडे वळून पण नाही बघितलं तिनं. म्हणाली, दार ओढून घ्या, धूर येतो."

"कसला धूर?"

"मला काय माहीत. मला नाही वास आला. मी दार ओढून घेतलं आणि खाली आले."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, शेजारीण भेटल्याचं सांगावं तसं. बेकरीतली मुलगी पाव कापत होती. बाहेर ऊन पडलं होतं. ताईंनी माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं आणि खाल्लं.

आता मागे वळून बघताना इतर गोष्टीही आठवतात. त्या महिन्यात त्या दोनदा भलत्याच थांब्यावर उतरल्या होत्या. मला बेबी म्हणून हाक मारली होती. बेबी ही त्यांची नागपूरची धाकटी बहीण. चिवड्याच्या डब्यात एकदा नुसते खडू निघाले. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या.

मित्राचा फोन आला तो त्याच सुमारास. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मनमधूनच. आई घरी गॅस चालू ठेवून फिरायला गेली, शेजाऱ्यांनी सांगितलं, असं ती म्हणाली. डॉक्टरकडे नेलं होतं. पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या. "तिच्या कामात तुला काही जाणवतं का?" तिनं विचारलं. मी तिला जिन्याचं सांगितलं. बाईचं नाही सांगितलं. ती हळूच "आल्झो...", म्हणजे "तर मग...", एवढंच म्हणाली. पुढे वाक्य नव्हतं.

डॉक्टरांचं मला ताईंनीच सांगितलं, अगदी विनोद सांगावा तसं. "मला म्हणाले, एक घड्याळ काढा. मी काय, सोडते होय! स्टेशनाच्या मनोऱ्यावर असतं तसं काढलं, वरच्या कमानीसकट, दगडाच्या सांध्यांसकट. डॉक्टर बघतच राहिले."

"मग?"

"मग म्हणाले, काटे कुठे आहेत?" ताईंनी चष्मा काढून पुसला. "काटे राहिले होते गं."

येन्स भले गृहस्थ. त्यांनी जिन्याचा कागद बाजूला ठेवला, स्कॅनप्रमाणे नकाशे पूर्ण करायला मला सांगितलं आणि ताईंना काही दिवस विश्रांती घ्या म्हणाले. ताईंना ते लागलं. सगळे गेल्यावर त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तूही गेली होतीस ना आत? तुलाही नाही दिसला?"

"नाही, ताई."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. तिथे फळ्या आहेत नुसत्या."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

"मग मी कशावर चढले?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कोट चढवला, बटणं लावली आणि गेल्या. त्यानंतर हिवाळाभर त्या ऑफिसात आल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी दुकानाचं काम सुरू झालं. त्या सकाळी मी तिथेच होते. कामगार फळ्या काढत होते. फळ्यांबरोबर मागचा प्लास्टरचा पापुद्राही मोठाल्या तुकड्यांनी गळत होता आणि सगळं दुकान पांढऱ्या धुळीनं भरून गेलं होतं. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "हे तुमच्या फोटोसाठी असेल काहीतरी, या इकडे."

धूळ खाली बसायला वेळ लागला. आधी मला तिरकी काळी रेघ दिसली. मग ती रेघ नाही, करवतीचे दात आहेत असं वाटलं. मग कळलं.

भिंतीवर जिना होता. जिना नव्हे, जिना जिथे होता ती जागा. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला जुना पांढरा चुना, खालच्या बाजूला तपकिरी रंग, आणि दोन्हींच्या मधे एकावर एक चढत गेलेले पायऱ्यांचे ठसे. ज्या खोबणींत फळ्यांची टोकं बसवली होती, त्या खोबणी. ते ठसे वर जात जात एका चिमणीपाशी पोचत होते, तिला वळसा घालून डावीकडे वळत होते, आणि तिथे, नव्या छताच्या अगदी लगत, वेगळ्या विटांनी बुजवलेल्या दाराचा खालचा भाग दिसत होता. त्या विटांच्या भोवतीची भिंत काजळीनं काळी होती.

मी येन्सना फोन केला. ते आले, ताईंचा कागद घेऊनच आले. त्यांनी कागद भिंतीसमोर धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला.

"गेनाऊ," म्हणजे तंतोतंत, एवढंच म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, "गेनाऊ."

त्या दिवशी त्यांनी मला त्याचं स्पष्टीकरण दिलं. ते खरंही असेल. इतकी वर्षं अशी घरं बघितलेल्या माणसाच्या डोळ्यांना फळ्यांची एखादी फट, छताचा थोडासा उतार, चिमणीची जागा, एवढं पुरतं. बाकीचं मन जुळवून देतं. आणि आजारी मनाला, जुळवलेलं कुठे संपलं आणि पाहिलेलं कुठे सुरू झालं, ते कळत नाही. मी मान हलवली. ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "तिला बोलाव. तिनं बघायला हवं."

मित्रा त्यांना घेऊन आली. त्या दिवशी ताई छान होत्या. निळी साडी, वर जाड कोट, ओठांना थोडी लाली. आत आल्या, भिंतीकडे बघितलं. त्यांना नवल वाटलेलं अजिबात दिसलं नाही.

"रंग पार गेला की," त्या म्हणाल्या.

मित्रा रडायला लागली. तिला वाटलं असावं की आई बरी आहे, डॉक्टर चुकले. मीही क्षणभर तसंच समजले होते.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. शेजारच्या घरातले हेर श्मित्स आत आले. आम्ही त्यांना रोज खिडकीत बघायचो. फार म्हातारे गृहस्थ, त्यांच्या वडिलांची शेजारी बेकरी होती. रस्त्यावरून त्यांना उघडी भिंत दिसली असणार. ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली.

"आत्याचा जिना," ते म्हणाले.

त्यांनी आम्हाला सांगितलं. त्यांची आत्या या दुकानात टोप्या शिवायची, वरच्या खोलीत. बॉम्ब पडायला लागले की सगळी गल्ली तळघरात उतरायची. तळघरांच्या मधल्या भिंतींना भोकं पाडून ठेवली होती, म्हणजे एक घर पेटलं तर दुसऱ्यातून बाहेर पडता यावं. ते तेव्हा अगदी लहान होते, आईनं त्यांना त्या भोकातून पलीकडे ओढलं होतं. आत्या खाली आली नव्हती. येते म्हणाली होती.

"वर जायला नंतर जिनाच उरला नव्हता," ते म्हणाले.

कामगारही थांबले होते. आणि ताई भिंतीकडे बघतच सहज म्हणाल्या, "त्या रिबीन लावत होत्या. खिडकीजवळ बसून."

मी चटकन त्यांचा दंड धरला. मित्रानं "आई!" म्हटलं, मराठीतून. पण हेर श्मित्स काठी टेकत टेकत पुढे आले. रंगाची एक पालथी बादली होती, तिच्यावर बसले. खालून ताईंच्या तोंडाकडे बघितलं, लहान मुलासारखं.

"फ्राऊ डॉक्टर," त्यांनी विचारलं, "ती घाबरली होती का?"

ताई आता धुराचं सांगणार. त्या म्हाताऱ्या माणसानं आयुष्यभर जे मनात आणायचं टाळलं असेल, तेच नेमकं त्या सांगणार. मी त्यांचा दंड जोरात दाबला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या आठवत होत्या. कपाळावर तशी आठी होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "हातातलं काम संपवायच्या घाईत होत्या. मला म्हणाल्या, दार ओढून घ्या. मी घेतलं ओढून. बस्, एवढंच."

"डांके," हेर श्मित्सनी आभार मानले. ते तिथेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, मित्राच्या हाताचा आधार घेतला आणि घरी गेले.

संध्याकाळ व्हायच्या आत मी ताईंना स्टेशनवर सोडायला निघाले. आईला दोन दिवस आपल्याकडे न्यायचं म्हणून मित्रा तिकिटं काढायला पुढे गेली. आम्ही दोघी ट्राममध्ये शेजारी शेजारी बसलो होतो.

"ताई," मी म्हटलं, "धुराचं सांगितलं नाहीत ते बरं केलंत."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"कसला धूर?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. किंवा होतं आणि मला वाचता आलं नाही. त्या माणसावर दया म्हणून त्यांनी ते वाक्य गाळलं, की तोवर ते त्यांच्यातून गळून गेलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही त्यांना ओळखत असता तर तुम्हालाही आलं नसतं.

मार्चमध्ये मित्रा त्यांना कायमचं फ्रँकफर्टला घेऊन गेली. मी महिन्यातून एखादा रविवार जायचे. त्या हळूहळू कमी होत गेल्या. आधी जर्मन गेलं. जर्मनीत आल्यानंतरची सगळी वर्षंच गेल्यासारखी झाली आणि नागपूरचं बोलणं राहिलं. "काहून आली वो तू?" असं मला विचारायच्या, आणि मग "आली तं बस." त्यामुळे झालं काय, की मित्राला मराठी बोलावंच लागलं. ती अडखळायची, लिंग चुकवायची, "आई, तुझा औषध" म्हणायची. ताई गंभीरपणे दुरुस्त करायच्या, "तुझं." एकदा मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि बाहेर दोघींचं हे चाललं होतं. मित्रा मुद्दाम चुकते आहे हे मला तेव्हा कळलं.

ताई पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेल्या. फ्रँकफर्टजवळच्या एका हॉलमध्ये आपली बरीच माणसं जमली होती. बुद्धवंदना झाली. येन्स काळा कोट घालून मागच्या रांगेत हात जोडून बसले होते, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मित्रा मराठीतून बोलली. थोडंच बोलली, पण मधे कुठे जर्मन शब्द आला नाही.

ताईंच्या पुष्कळ आठवणी आहेत. पण मला पुन्हा पुन्हा आठवतं ते त्याच्या आधीच्या डिसेंबरमधलं. मित्राच्या मनात आलं होतं की आईला एकदा ते तयार झालेलं दुकान दाखवावं. आईला किती कळेल कोण जाणे, पण दाखवावं.

दुकान सुरेख झालं होतं. पांढरं, उजळ, काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या रांगा. डेंकमालाम्टच्या सांगण्यावरून उजवी भिंत तशीच उघडी ठेवली होती, वर एक बारीक दिवा सोडला होता. पायऱ्यांचे ठसे स्पष्ट दिसत होते. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे एक तरुण मुलगी होती, तिनं हसून नमस्कार केला आणि निवांत बघा म्हणाली.

ताई भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींपैकी कुणालाच ओळखलं नव्हतं. ही भिंत त्यांना आठवते आहे असंही काही दिसत नव्हतं. मित्रानं त्यांचा मफलर नीट केला.

मग ताईंची नजर वर गेली, चिमणीजवळच्या वळणाकडे, आणि तिथे थांबली. त्यांनी कोटाची बाजू अंगाशी ओढून घेतली. मित्राची बाही धरून तिला हलकेच मागे घेतलं. अरुंद जिन्यावरून हातात सामान घेऊन कुणी उतरत असलं की आपण खाली उभे राहून अंग चोरतो ना, अगदी तसं. त्यांची नजर हळूहळू खाली येत होती. पायरीपायरीनं. खालपर्यंत आली, मग आमच्यामधून दाराकडे गेली. ताईंनी ओळखीच्या माणसाला करावी तशी मान लववली.

मी काउंटरकडे बघितलं. त्या मुलीनं समोरचा चष्म्यांचा ट्रे आपल्या बाजूला ओढून घेतला होता आणि ती एक पाऊल मागे सरकून उभी होती. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती दाराकडे बघत होती.

दुकानात आम्ही एवढ्याच होतो. ताई आणि मित्रा एका बाजूला, ती मुलगी दुसऱ्या बाजूला, आणि मधे भिंतीपासून दारापर्यंत जमीन रिकामी. पाठीला गार काच लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मीही कपाटाला टेकून, पाय जवळ घेऊन, वाट देऊन उभी होते.